एसी बंद करून

"एसी बंद कर," फ्रेडरिक म्हणाला.

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. जुलै महिना, मस्कतमधली गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, दुपारचे दोन. अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटबाहेर सत्तेचाळीस डिग्री. पडदा जरा बाजूला केला तरी काच हाताला चटका देत होती.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मी म्हटलं. "खाली मांजरंसुद्धा गाड्यांखाली जाऊन पडलीत, आणि तू एसी बंद कर म्हणतोस?"

"वीस मिनिटं फक्त, फ्लोरा."

"वीस मिनिटांत माणूस शिजतो!"

त्यावर तो काही बोलला नाही. तो बोलतच नाही, हीच तर कटकट आहे. माझा नवरा कमी बोलतो, म्हणून ही सगळी हकीकत मला सांगावी लागतेय. दिवसभर एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर बोलून बोलून माझं तोंड दुखतं, पण हे सांगायला मी कधीही तयार आहे.

तो उठला आणि त्याने स्वतःच खिडकीतल्या एसीचं बटण फिरवलं. एप्रिलपासून तो डबा घरात घरघरत होता. तो थांबल्यावर घर एवढं गप्प झालं की कॉम्प्युटरवर बसलेल्या जेसिकाने दचकून विचारलं, "डॅडी, लाइट गेला?"

"नाही. तू खेळ. गाडी जोरात पळव."

आमची लेक तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीत. डॅडीची नवीन वस्तू तपासायची असली की गेम खेळायला तीच. मिळालेल्या संधीचं सोनं करायची ती. त्या दिवशी टेबलावर कॉम्प्युटर पोट उघडं ठेवून बसला होता आणि त्याच्या आत नवीन ग्राफिक्स कार्ड होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वीतभर लांबीची एक हिरवी पाटी असते, तिच्यावर छोटासा पंखा. ती बसवली की गेममधलं चित्र अडखळत नाही. हे कार्ड फार महागही नव्हतं, अगदी स्वस्तही नव्हतं. पगारदार घरातला बाप पोराच्या हट्टापायी घेईल, तसलं.

फ्रेडरिकने कानाजवळ एक घड्याळ धरलं होतं. चावीचं, गजराचं, लग्नात माझ्या सासूबाईंनी दिलेलं. कार्डाचा आवाज मोजायचं त्याचं यंत्र हेच. खुर्चीत बसायचं, घड्याळ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं, आणि कार्ड पूर्ण तापलेलं असताना घड्याळाची टिकटिक ऐकू येते का बघायचं. आली तर कार्ड शांत. नाही आली तर नाही.

"हात घसरतो, डॅडी. माझा हात पूर्ण स्वेट झाली," जेसिका म्हणाली. तिचं मराठी असंच.

"कोपऱ्यातला आकडा सांग."

"फॉर्टी-फाइव्ह. आता खूप गाड्या आल्या... थर्टी. थर्टी-वन."

हा आकडा म्हणजे एका सेकंदात किती चित्रं पळतात तो. तिसाच्या खाली गेला की खेळणाऱ्याला कळतं. त्याने वहीत लिहून घेतलं. खेळायला कार्ड चांगलं होतं, त्याबद्दल वाद नव्हता. पण दहा मिनिटांनी कार्ड तापलं आणि तो एवढासा पंखा जो किंचाळायला लागला! आधी बारीक, मग डासासारखा, मग दात कोरायच्या मशीनसारखा. ते मशीन मी दिवसभर ऐकते, मला कुणी सांगायला नको. टेबलावरच्या घड्याळाचा काटा फिरताना दिसत होता आणि टिकटिक गायब होती.

फ्रेडरिक स्वयंपाकघरात गेला. तिथून म्हणाला, "इथेही येतो." मग आमच्या बेडरूममध्ये गेला, दार लावलं, आणि आतून म्हणाला, "इथेही."

मी घामाने थबथबले होते. "ऐकलंस ना? मग लाव आता तो एसी!"

एसी लावला आणि घरघर सुरू झाली. त्याबरोबर कार्डाचा आवाज पुसल्यासारखा गेला. कार्ड तेवढंच किंचाळत होतं, पण कुणाला कळलं नसतं. फ्रेडरिक माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "म्हणून बंद करायचा."

हे त्याला कुणी शिकवलं नाही. वसईला निर्मळजवळ त्याच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आजूबाजूच्या केळीच्या वाड्यांवरचे पंप तिथे यायचे. हा पोरवयात डोळे मिटून पंप ऐकायचा आणि बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगायचा. एक्क्याण्णव साली तो मस्कतला आला. आधी टेपरेकॉर्डर आणि व्हिडिओ दुरुस्त केले, मग कॉम्प्युटर आले तसे कॉम्प्युटर. मस्कतच्याच गाला भागात त्याच्या कंपनीचं वर्कशॉप होतं. नवीन माल आला की नमुना त्याच्याकडे. तो तपासायचा, आणि पसंत पडला तर गिऱ्हाइकाला देताना खोक्यावर निळ्या पेनाने कोपऱ्यात लिहायचा, एफ. डाबरे. बस. ओमानभरची, सूरपासून सोहारपर्यंतची माणसं ते एवढंसं नाव बघून माल न्यायची. तेरा वर्षांत त्याने कमावलेलं म्हणाल तर तेवढंच.

त्या कार्डाबद्दल त्याने रिपोर्ट लिहिला तो मी स्वतः वाचला, कारण इंग्रजीची स्पेलिंगं मी तपासते. दोनच वाक्यं होती. एसी चालू असताना आवाज ऐकू येत नाही. एसी बंद केल्यावर दुसऱ्या खोलीतही ऐकू येतो.

आता माझा मूर्खपणा सांगते.

ऑगस्टच्या शेवटी मी हायपरमार्केटला गेले. दारातच त्या कार्डांच्या खोक्यांचा मनोरा रचलेला, आणि प्रत्येक खोक्यावर बशीएवढं पिवळं स्टिकर. इंग्रजीत आणि अरबीत छापलेलं. 'आवाज ऐकू येत नाही. फ्रेडरिक डाबरे, सर्व्हिस विभाग.' माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव! एवढं ठळक! मी येड्यासारखी तिथेच उभी राहून हसले. शेजारी एक केरळी बाई ट्रॉली घेऊन उभी होती, तिला म्हटलं, "माय हजबंड." दुसऱ्या दिवशी शुक्रवार. इथे मिस्साला रविवारी नाही, शुक्रवारी जातो आम्ही. गाल्याच्या चर्चबाहेर मी दहा बायकांना सांगितलं. देवा रे, आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते.

त्या संध्याकाळी हौसेने उचकटून आणलेलं स्टिकर मी फ्रेडरिकपुढे ठेवलं. त्याने वाचलं. परत वाचलं. ताटातली मासळी तशीच ठेवून हात धुतले.

"अरे, झालं काय?"

"वाक्य कापलंय," तो म्हणाला.

मग माझी ट्यूब पेटली. पुढचे शब्द कापले, मागचं वाक्य कापलं, मधलं ठेवलं आणि खाली त्याचं नाव घातलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं लिहायचं तर स्वतःच्या नावाने लिहा ना. दुसऱ्याचं खरं घेऊन त्याचं खोटं करायचं, हा कुठला धंदा?

हे करणारा होता स्टॅन्ली, त्यांचा सेल्स मॅनेजर. आपलाच माणूस, बांद्र्याचा. इथल्या मिस्साला बायबलचं पहिलं वाचन तोच करतो, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. फ्रेडरिक शनिवारी त्याच्या केबिनमध्ये गेला. काय झालं ते मी त्याच्याकडून एकेक शब्द ओढून काढलं. स्टॅन्ली हसला म्हणे. म्हणाला, "फ्रेडी मॅन, ओमानमध्ये एसी बंद कोण करतो? तू सोडून? मी खोटं काय लिहिलं? तुझेच तर वर्ड्स आहेत."

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हटलं, डिसेंबरमध्ये बंद करतात."

"आणि तो?"

"म्हणाला, डिसेंबरपर्यंत सगळा माल खलास होईल."

"आणि मग तू?"

मी ओरडले, "अर्बाबकडे जा! मालक आहे ना तो? सांग त्याला!" फ्रेडरिकने जेसिकाच्या खोलीकडे बघितलं. व्हिसा कंपनीचा. कंपनी सोडायची तर त्यांचं ना-हरकत पत्र लागतं. ते दिलं नाही तर दोन वर्षं या देशात पाऊल टाकायचं नाही. आणि लेक दहावीत. मला हे सगळं कळत होतं, म्हणून मीही मग ओरडायचं थांबवलं. तेवढा दोष माझाही आहे.

डिसेंबर आला. मस्कतमध्ये डिसेंबर म्हणजे माणसं आठ महिन्यांनी खिडक्या उघडतात. घराघरातले एसी बंद झाले, आणि आमच्या फोनला श्वास घ्यायला वेळ मिळेना. मिस्टर डाबरे आहेत का? मिस्टर डाबरे, कॉम्प्युटरमधून शिट्टी येते. मिस्टर डाबरे, बायको म्हणते मशीन बाहेर फेक. कंपनीला फोन केला की स्टॅन्लीची माणसं सांगायची, तपासणी डाबरेंनी केली, त्यांनाच विचारा. बघा बाई! विकताना सेल्स विभाग, आणि शिव्या खायला डाबरे!

ख्रिसमसच्या आधीच्या गुरुवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ. एका हातात खजुराचा डबा, दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. उस्मानभाई. मूळचे राजापूरकडचे, इब्रीच्या बाजारात वीस वर्षं दुकान. आधी कपडे विकायचे, आता आठ कॉम्प्युटर मांडून पोरांना गेम खेळायला देतात. तीन तास गाडी चालवून आले होते.

मी चहा ठेवला. त्यांनी टॉवेल उघडून कार्ड टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता भांडण. पण ते खाली बघूनच बोलले.

"फ्रेडरिकभाय, आठ घेतले. थंडी पडली, एसी बंद केला, आन् दुकानात उभा ऱ्हवता येईना. बाजूचा टेलर रोज येऊन बोलतो. पोरां येयाची थांबली."

"उस्मानभाई, कंपनी परत घेत नाही का?" मी विचारलं.

"कंपनी सोडा. मी कंपनी बघून घेतलेच नाय. खोक्यावरचा बाकी काय वाचला पन नाय. तुमचा नाव बघितला आन् घेतले."

फ्रेडरिक उठला आणि त्याने आपली वही आणली. जुलैचं पान काढून त्यांच्यासमोर धरलं. उस्मानभाईंनी चष्मा लावून दोन्ही वाक्यं बोट ठेवून वाचली. मला वाटलं, सुटलो. आता कळेल यांना, माझा नवरा खोटा नाही. मी लगेच स्टॅन्लीचं सगळं पुराण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हंजे तुमाला ऑगस्टमध्येच म्हाईत होता?"

"हो," फ्रेडरिक म्हणाला.

"मी आक्टोबरात घेतले. तेवा तुमी माज्याशी फोनवर बोल्लात पन होतात. का नाय बोल्लात?"

आमच्या घरात तेव्हा एसी बंदच होता. घड्याळाची टिकटिक स्वच्छ ऐकू येत होती. मी, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, ती बशीतला खजूर बघत बसले. फ्रेडरिक म्हणाला, "चुकलं माझं." त्यापुढे त्याने व्हिसा, दहावी, काहीच सांगितलं नाही. मला सांगायचं होतं, पण त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी खजुराची बशी पुढे सरकवली.

"कार्ड ठेवून जा," तो म्हणाला. "बघतो काय करता येतं ते."

उस्मानभाई चहा पिऊन गेले. जाताना जेसिकाच्या डोक्यावर हात ठेवून तिला चांगले मार्क पडोत म्हणाले. तो माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर स्टॅन्ली चर्चच्या आवारात फादरांशी हसत उभा होता. मी सरळ गेले. फ्रेडरिकने माझा दंड धरला, मी सोडवून घेतला.

"स्टॅन्ली," मी म्हटलं, "आज वाचन छान केलंस. पूर्ण केलंस ना? की तिथेही मागचं-पुढचं कापून मधलंच वाचतोस?"

त्याचा चेहरा पडला. "फ्लोरा, प्लीज. धिस इज चर्च."

"चर्च आहे म्हणून एवढंच बोलतेय! माझ्या नवऱ्याचं नाव तुझ्या बापाची इस्टेट आहे का? तेरा वर्षं हाताने लिहितो तो ते नाव. तू एका दिवसात छापखान्यात टाकलंस!"

फादर मध्ये पडले. बायका बघत होत्या, त्याच दहा बायका. मी म्हटलं, बघू दे. ऑगस्टमध्ये अभिमानाने सांगितलं होतं, आता हेही यांनी ऐकावं. गाडीत बसल्यावर वाटलं, फ्रेडरिक मला बोलेल. तो म्हणाला, "जाड मार्कर आहे का घरात? काळा?"

शनिवारचं मी पाहिलं नाही. गोडाऊनच्या यूनुसने मला सांगितलं. सकाळी सातला फ्रेडरिक गाल्याच्या गोडाऊनमध्ये गेला. त्या कार्डांची दोनशे दहा खोकी शिल्लक होती. त्याने एकेक खोकं खाली घेतलं आणि पिवळ्या स्टिकरच्या वर लिहिलं, 'एसी चालू असताना'. खाली लिहिलं, 'एसी बंद केल्यावर दुसऱ्या खोलीतही ऐकू येतो'. अक्षर एकसारखं, घाई नाही. यूनुस म्हणाला, "मॅडम, मैंने बोला, भाई, नौकरी जाएगी. वो बोले, तू बस खोके पकड़ा।" एकशे चाळीसपर्यंत पोचला तेव्हा स्टॅन्ली आला. ओरडला, हात धरला. फ्रेडरिकने हात सोडवून घेतला आणि एवढंच म्हणाला, "वाक्य पूर्ण करतोय." उरलेली सत्तर खोकी त्याने स्टॅन्लीसमोर पूर्ण केली.

नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, कंपनीच्या मालाची नासधूस केली. नासधूस म्हणे! कारण वाचून मी एवढी हसले की शेजारीण विचारायला आली. ना-हरकत पत्र नाही. व्हिसा मार्चअखेर रद्द. जेसिकाच्या परीक्षेपर्यंत राहू दिलं, तेही उपकार केल्यासारखं. मी रडले, शिव्या दिल्या, भांडी आपटली. फ्रेडरिक मात्र त्या तीन महिन्यांत ऑगस्टनंतर पहिल्यांदा पोटभर जेवायला लागला.

आणि संध्याकाळी तो उस्मानभाईंच्या कार्डावर बसायचा. छोटा पंखा काढून टाकला. जुन्या कॉम्प्युटरमधला तळहाताएवढा पंखा घेतला, तो तारेने बसवला आणि हळू फिरेल असा केला. मोठा पंखा सावकाश फिरला तरी तेवढाच वारा देतो, हे त्याने मला दाखवलं. जेसिका अभ्यासातून उठून दहा मिनिटं गाडी पळवायची, मी श्वास रोखून बसायचे. फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती म्हणाली, "मम्मी! क्लॉक ऐकू येतो!"

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही तिघं इब्रीला गेलो. दोन दिवसांनी वसईला परतायचं विमान होतं. सामान बांधून झालं होतं, घड्याळ तेवढं फ्रेडरिकने मांडीवर घेतलं होतं. उस्मानभाईंच्या दुकानात त्याने उरलेल्या सात कार्डांचे पंखे एकेक करून बदलले. त्यांच्या बायकोने, सफूराभाभींनी, आम्हाला भाकरी आणि सुक्या जवळ्याचं जेवण वाढलं. मग आठही कॉम्प्युटर सुरू केले. आठही ठिकाणी गेम लावले. उस्मानभाईंनी दार लावलं आणि एसी बंद केला.

फ्रेडरिकने घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि तो लांब भिंतीला जाऊन उभा राहिला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मशीनं तापली. सगळे घामाघूम. टिक, टिक, टिक.

"येतो," उस्मानभाई हळूच म्हणाले. "आवाज येतो घड्याळाचा."

त्यांनी गल्ल्यातून निळं पेन काढलं आणि कागदाच्या आठ पट्ट्या कापून फ्रेडरिकसमोर ठेवल्या. "लिवा तुमचा नाव. मी परतेक मशीनला लावतो."

फ्रेडरिकने पेन हातात घेतलं. मला वाटलं, लिही. अरे लिही, हे तुझंच आहे. त्याने पेनाचं टोपण लावलं आणि ते परत दिलं.

"नाव नको, उस्मानभाई. हे घड्याळ ठेवा. पुढे काही घ्याल तेव्हा कुणाचं नाव वाचू नका. एसी बंद करा आणि स्वतः ऐका."

"आवो, पन ह्या तुमचा घरचा घड्याळ."

"रोज सकाळी चावी द्या. बारा फेरे. जास्त नाही."

सासूबाईंचं घड्याळ ते. मला विचारलंसुद्धा नाही त्याने. एरवी मी तिथल्या तिथे दोन शब्द सुनावले असते. पण मी पर्स उचलली आणि जाऊन गाडीत बसले. मस्कत येईपर्यंत तीन तास मी काही बोलले नाही, तेव्हा मागून जेसिकाने विचारलं, "मम्मी, तुझी तब्येत बरा आहे ना?"

फ्रेडरिकने हात पुढे करून गाडीचा एसी बंद केला आणि काच खाली घेतली.

"बरी आहे ती," तो म्हणाला.